पावसात अंड्यांची टरफलं पातळ येतायत, बाजारचं खाद्य न आणता काय करू?

देवरुखजवळ_घर

नमस्कार. आम्ही दोन वर्षांपूर्वी डोंबिवली सोडून संगमेश्वर तालुक्यात सासरच्या घरी कायमचे राहायला आलो. सासूबाईंकडे तेव्हा पाच गावठी कोंबड्या होत्या, त्यांचीच पिल्लं वाढून आता अकरा कोंबड्या आणि दोन कोंबडे झालेत. उन्हाळाभर सगळं छान चाललं होतं, सकाळी खुराडं उघडलं की दिवसभर काजूखाली पाचोळा उकरत, गोठ्यामागे उकिरड्यात फिरत असायच्या आणि दिवेलागणीला आपणहून परत. वरून फक्त मूठमूठ कणी आणि घरातलं उरलंसुरलं, बस.

पण जूनमध्ये पाऊस लागला आणि गणित बिघडलं. रोजची ५-६ अंडी होती ती आता २-३ वर आलीत, त्यातलं एखादं तर नुसतं पापुद्र्याचं, हातात घेतलं की दबतं. गेल्या आठवड्यात असंच एक फुटलं आणि एका कोंबडीने ते खाल्लं, आता ती दुसऱ्यांच्या अंड्यांवर टपून असते. एक खुडूक होऊन, म्हणजे अंडी घालायचं थांबवून, घरट्यातच बसलीये. आणि पाऊस प्लस मुंगूस यामुळे मी त्यांना दिवसातला बराचसा वेळ खुराड्यातच ठेवतेय, एकदा मुंगसाने दिवसाढवळ्या एक तलंग (अंड्यावर न आलेली कोवळी कोंबडी) पळवली तेव्हापासून माझा जीवच होत नाही सोडायला.

दुकानदार म्हणाला लेयर फीड (अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य) चालू करा. मला ते नकोय, म्हणजे ज्या कारणासाठी शहर सोडून आलो त्यात हे बसत नाही, माझी सहा वर्षांची मुलगी रोज हीच अंडी खाते. सध्या कणी, भाताचा कोंडा आणि घाण्यावरची शेंगदाणा पेंड देते (मे मध्ये एक पोतं भरून आणून ठेवलंय). पाण्यात लसूण ठेचून आणि चिमूटभर हळद. लस कुणालाच दिलेली नाही, सासूबाई म्हणतात गावठीला काही होत नाही, त्यांच्या आईनेही कधी दिली नव्हती. घरच्या घरी काय करता येईल ते सांगा प्लीज.

भाट्याची_मावशी

अगो, आधी शिंपले दे त्यांना. रत्नागिरीकडे आलीस की मासळीवाल्या बायकांना सांग, तिसऱ्या, मुळे, कालवं, सगळ्याची टरफलं त्या फुकट देतील, आमच्याकडे तर घरोघरी ढीग असतो. स्वच्छ धू म्हणजे वास जाईल आणि मुंग्या लागणार नाहीत, पावसात वाळत नाहीत म्हणून चुलीच्या वैलावर तव्यात टाकून ठेव, कोरडी झाली की दगडाने कुट. पीठ करायचं नाही हां, ज्वारीच्या दाण्याएवढे तुकडे ठेवायचे. अंड्याचं कवच बनतं ते मुख्यतः रात्री, तेव्हा कोंबडीच्या पोटात काही नसतं, हे जाड तुकडे मात्र गिजर्डात, म्हणजे दाणे दळणाऱ्या पोटातल्या पिशवीत, राहून हळूहळू विरघळत राहतात, पीठ असलं की भुर्रकन निघून जातं. म्हणून आमची आई संध्याकाळी खुराडं लावायच्या आधी करवंटीत शिंपले ठेवायची. करवंटी वेगळीच ठेवायची, खाद्यात कालवायचं नाही, ज्या कोंबडीला पाहिजे ती आपली आपण खाते, अंड्यावर नसलेली तोंडही लावत नाही. कोंबड्याला आणि पिल्लांना जबरदस्तीने गेलं तर बाधतं.

घरातल्या अंड्यांची टरफलं पण दे, पण तव्यावर भाजून एकदम बारीक चुरून. अर्धी टरफलं तशीच फेकलीस तर त्यांना अंड्याची ओळख पटते आणि तुला जी सवय मोडायची आहे तीच लागते. अंडं खाणारीसाठी दुसरं काही औषध नाही, अंडं घातल्याबरोबर उचलायचं, आणि घालायची जागा काळोखी कर, गोणपाटाचा पडदा सोड. घरट्यात पेंढ्याखाली निरगुडीचा पाला घाल, उवा कमी होतात.

खुडूक कोंबडीला लोक पाण्यात बुडवून काढतात, मला ते कधीच बघवलं नाही. खालून वारा लागेल अशा जाळीच्या पेटीत तीन-चार दिवस ठेव, खायला प्यायला नीट दे, उतरते आपोआप. तिला आत्ता अंड्यावर बसवू नकोस मात्र, पावसात काढलेली पिल्लं थंडीने आणि हगवणीने जातात, दिवाळीनंतर बसव, दहा-बारा अंडी एका कोंबडीखाली पुरे, एकविसाव्या दिवशी पिल्लं.

माणदेशी_शिवार

ताई मी माण तालुक्यातून, साठ-सत्तर पक्षी आहेत, सगळे मोकळे फिरणारे. तुमचा पाऊस आमच्याकडे नाही पण एक गोष्ट सगळीकडे सारखीच, कोंबडी मोकळी असते तेव्हा निम्मं खाणं ती स्वतः शोधते, किडे, गांडुळं, कोवळं गवत, बारीक खडे, आणि वर ऊन खाते. उन्हानं तिच्या अंगात ड जीवनसत्त्व तयार होतं आणि ते नसलं तर कितीपण शिंपले घाला, अंगी लागत नाहीत. तुम्ही कोंडून घातली म्हणजे हे सगळं एकदम बंद झालं, आणि खायला काय तर कणी कोंडा. कणीत प्रोटीन आठ टक्क्यांच्या आसपास, अंड्यावरच्या कोंबडीला पंधरा-सोळा तरी लागतं. म्हणून दुकानदार फीड म्हणतो, तो खोटं बोलत नाही, पण ते घरी बनवता येतं.

माझं दहा किलोचं मिश्रण असं. मका भरडा, ज्वारी, कणी जे स्वस्त मिळेल ते मिळून ६ किलो, कोंडा २ किलो, शेंगदाणा पेंड दीड किलो, आणि अर्धा किलो सुकट कुटून. हे साधारण सोळा टक्क्यांवर जातं. कोंडलेल्या कोंबडीला दिवसाला १०० ते १२० ग्रॅम लागतं, दिवसभर फिरणारीला पन्नास-साठ ग्रॅम वरखर्चाला पुरतं. तुमच्याकडे जवळा स्वस्त असेल, तो घ्या, पण बिनमिठाचा वाळवलेला बघून घ्या, खारवलेली मासळी घालू नका, मिठानं कोंबडी पाणी पाणी करते, पातळ हगते आणि जास्त झालं तर मरते. घरचा सोयाबीन असेल तर कच्चा घालू नका, भाजून घाला, कच्चा त्यांना पचत नाही.

आणि वाळवी. याच्याइतकं फुकट आणि भारी खाद्य नाही. जुनं मडकं घ्यायचं, त्यात ओलं शेण, गोणपाटाचे तुकडे, थोडा कडब्याचा नाहीतर पेंढ्याचा चुरा दाबून भरायचा, पाणी शिंपडायचं, आणि वारुळाजवळ जिथं वाळवीची माती दिसते तिथं जरा उकरून मडकं पालथं ठेवायचं. वर दगड. संध्याकाळी ठेवलं की सकाळी वाळवीनं गच्च. तसंच उचलून कोंबड्यांपुढं आपटायचं, पिल्लं तर अशी तुटून पडतात की बघत राहावं. जोराच्या पावसात मिळत नाही, उघडीप बघून लावा.

अझोला (पाण्यावर तरंगणारी बारीक वनस्पती) पण लोक सांगतील तुम्हाला. मी केला होता, चांगला आहे, पण ताज्या अझोल्यात नव्वद टक्क्यांच्या वर पाणीच असतं, त्यामुळे पेंडीच्या जागी अझोला असं होत नाही, हिरव्या चाऱ्याच्या जागी होतं. तुमच्याकडे कोकणात हिरव्याची काय कमी, शेवग्याचा पाला द्या वाळवून.

मुरबाड_गावठी

मी सहसा लिहीत नाही इथे, पण तुमचं लसीचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही.

मागच्या वर्षी माझ्याकडे २७ पक्षी होते. सगळे गावठी, दोन असील कोंबडे, एक मी पिल्लापासून हातावर वाढवलेला. तुमच्यासारखंच सगळं, पाण्यात लसूण, हळद, आठवड्यातून एकदा कडुनिंबाचा काढा, आणि मी सगळ्यांना अभिमानाने सांगायचो की माझ्याकडे इंजेक्शन नाही, औषध नाही. वर्षभर खरंच काही झालं नाही, त्यामुळे विश्वास बसला होता की लसणानेच होत नाहीये. होळीच्या आधी पंधरा दिवस शेजारच्या पाड्यावर मर आली. मी त्यांच्याकडे बघायला गेलो, हे माझं चुकलं, त्याच चपला घालून घरी आलो आणि खुराड्यात गेलो.

पाचव्या दिवशी सकाळी दोन कोंबड्या पंख पाडून, डोळे मिटून बसलेल्या. हिरवट पांढरी हगवण. मी लसूण वाढवला, आलं घातलं, ताक दिलं, मिऱ्याच्या गोळ्या करून चोचीत घातल्या, रात्री जागलो. नंतर तोंड उघडून घरघर श्वास घ्यायला लागल्या. ज्या दोन-तीन त्यातून जगतील वाटल्या त्यांची मान फिरायला लागली, उलटी पाठीवर वळायची, दाण्यावर चोच मारायला जायच्या आणि चोच भलतीकडेच पडायची. नऊ दिवसांत २३ गेल्या. असील कोंबडा माझ्या मांडीवर गेला.

नंतर दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं की राणीखेत, विषाणूचा आजार, यावर औषध कुणाकडेच नाही, ना झाडपाल्यात ना मेडिकलमध्ये. फक्त आधी लस. मी लसूण आजही देतो, शेवगा देतो, खाद्य सगळं घरचं. पण नवीन पिल्लांना सातव्या दिवशी डोळ्यात थेंब टाकल्याशिवाय मी खुराड्याबाहेर सोडत नाही. तुमच्या सासूबाईंच्या आईच्या काळात मर येतच होती, विचारा त्यांना, एखाद्या वर्षी आख्ख्या वाडीतल्या कोंबड्या साफ व्हायच्या की नाही. उरलेल्यांपासून परत सुरुवात करायची अशी पद्धत होती फक्त. चार महिन्यांत मला ते दिवस विसरता आलेले नाहीत, तुमच्यावर ती वेळ येऊ नये.

निवृत्त_पशुवैद्य

मुरबाडकर, तुमचं वाचून वाईट वाटलं. नोकरीत अशी खुराडी दरवर्षी पाहिली, आणि बहुतेकांनी आधी घरगुती उपाय करून मग आम्हाला बोलावलेलं असायचं, तोवर आमच्या हातातही काही नसायचं.

ताई, राणीखेत हे नाव उत्तराखंडातल्या गावावरून पडलंय, शंभर वर्षांपूर्वी आपल्याकडे तिथे हा रोग ओळखला गेला, आणि तो गावठी, कडकनाथ, गिरीराज असा भेद करत नाही. गावठी पक्षी काटक असतो हे खरं, ऊन पाऊस उपासमार तो जास्त सोसतो, पण या विषाणूपुढे नाही. लस म्हणजे औषधाचा अंश अंड्यात येतो असं काही नसतं, मुलीच्या खाण्याची काळजी त्यावरून करू नका. पिल्लांना साधारण सातव्या दिवशी लासोटा ही लस डोळ्यात किंवा नाकात एक थेंब, चौथ्या आठवड्यात परत, आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास आर२बी या लसीचं इंजेक्शन. तुमच्या मोठ्या कोंबड्यांना कधीच काही दिलेलं नाही म्हणून थेट आर२बी नको, आधी लासोटा. शिवाय आर२बीने अंड्यावरच्या कोंबडीची अंडी काही दिवस कमी होतात, ते केव्हा द्यायचं हे जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पक्षी दाखवून ठरवा. बाटली शंभर-दोनशे डोसची येते आणि पातळ केल्यावर तासा-दोन तासांत संपवावी लागते, म्हणून एकट्याने आणू नका, वाडीतल्या सगळ्यांनी मिळून एकाच संध्याकाळी करा, कोंबड्या खुराड्यात आल्यावर. बर्फात ठेवून आणायची, थर्मासात. आजारी पक्ष्याला द्यायची नाही.

आता माझा तुम्हाला प्रश्न. मे महिन्यातली पेंड कुठे ठेवलीये? जमिनीवर की फळीवर? पोत्याच्या तळाशी हात घालून बघा, गरम लागते का, गुठळ्या झाल्यात का, हिरवट पिवळी पूड दिसते का, कुबट वास येतो का. शेंगदाणा पेंड आणि मका यांना दमटपणात जी बुरशी लागते तिचं विष कोंबडीच्या यकृतावर जातं, अंडी घटतात, कवच बिघडतं, पक्षी सुस्त होतो, आणि ते विष भाजून किंवा उन्हात घालूनही जात नाही. वरचा भाग चांगला दिसतो म्हणून वापरू नका. घाण्यावरची पेंड शुद्ध असते यात शंका नाही पण तिच्यात तेल जास्त राहतं, कोकणातल्या पावसात ती पंधरा दिवसांपुरतीच आणावी. टाकायची तर गुरांनाही घालू नका, पुरून टाका.

आणि एक, कोंडलेल्या खुराड्यात खालचा पेंढा ओला राहिला तर पुढच्या पिल्लांना रक्ती हगवण होते. साळीचं तूस चार बोटं जाड अंथरा, रोज खालीवर करा, ओलं झालं तेवढं काढून नवीन घाला. त्याच्यासाठी कोरडेपणा हेच खरं प्रतिबंधक. पण विष्ठेत रक्त दिसलंच तर हळदीवर थांबू नका, पाण्यातून देण्याचं औषध मिळतं, वेळेत दिलं तर पिल्लं वाचतात.

नवापूरचा

डॉक्टरसाहेबांच्या बोलण्यात एक भर. २००६ ला आमच्या नवापुरात बर्ड फ्लू आला तेव्हा मी दहावीत होतो, पोल्ट्रीबरोबर आजूबाजूच्या गावांतल्या घरच्या कोंबड्याही माराव्या लागल्या होत्या, आमच्या आजीच्या पण. एकदम बऱ्याच कोंबड्या मेल्या तर त्या ओढ्यात टाकू नका, कापून खाऊ नका, कुणाला वाटू नका, दवाखान्यात कळवा. घरचीच कोंबडी आहे म्हणून लोक लपवतात, आणि मग पुढच्याची जाते.

भाट्याची_मावशी

शिंपल्यांचं एक सांगायचं राहिलं. मी तव्यात कोरडे कर म्हटलं, ते निखाऱ्यात घालून पांढरे फटक होईपर्यंत जाळू नकोस. तसे जाळले की त्याचा चुना होतो, पूर्वी भट्टीत असाच करायचे, तो ओला झाला की पोळतो, कोंबडीचं तोंड आणि पोट भाजेल. खुराड्याच्या भिंतींना सफेदी द्यायला तो चुना चांगला, फटीतले किडे मरतात, पण सफेदी वाळल्यावरच कोंबड्या आत.

देवरुखजवळ_घर

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार, तीन आठवड्यांनी लिहितेय कारण आधी करून बघायचं होतं.

पेंड. डॉक्टर, तुमचा मेसेज वाचला आणि तशीच टॉर्च घेऊन पडवीत गेले. पोतं जमिनीवरच होतं, भिंतीला टेकून. वरची पेंड बरी, पण कोपरभर हात आत घातला तर गरम, आणि तळाशी हिरवट गुठळ्या. मी रोज वरून वरून काढत होते आणि तळाची खालून वर येत होती. सगळी पुरली. इतकं वाईट वाटलं की मी स्वतःच्या हाताने त्यांना हे घालत होते, आणि मनात सगळा दोष पावसाला देत होते. आता दोन किलो आणते, डब्यात, चुलीजवळच्या फळीवर.

माणदेशी दादांचं मिश्रण चालू केलं, ज्वारी इकडे महाग म्हणून सगळी कणी आणि थोडा मका, आणि हर्णैहून आलेला जवळा. पडवीच्या कडेला ताडपत्री बांधून दहा बाय बाराची कोरडी जागा केली, घमेल्यात चुलीची राख आणि माती कालवून ठेवली, पहिल्याच दिवशी तिघी तिघी एका घमेल्यात घुसून लोळत होत्या. उघडीप पडली की मी स्वतः खुर्ची टाकून बसते आणि तासभर सोडते. शिंपल्यांची करवंटी संध्याकाळी. दुसऱ्या आठवड्यातच पापुद्र्याची अंडी थांबली, आता चार येतात रोज, टरफल फोडताना टक् आवाज येतो. अंडं खाणारी अजून पूर्ण सुधारलेली नाही, पण गोणपाटाच्या पडद्यामागे तिला दिसत नाही बहुतेक. खुडूक उतरली.

आणि लस. सासूबाईंना मुरबाडच्या दादांचं सगळं वाचून दाखवलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या की त्या लग्न होऊन आल्या त्या वर्षी मर आली होती, चाळीस कोंबड्यांतल्या तीन राहिल्या होत्या, सासऱ्यांनी खड्डा खणला होता आंब्याखाली. हे त्यांनी आम्हाला कधी सांगितलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्या स्वतःच वाडीत घरोघर सांगून आल्या. नऊ घरं मिळून ८६ कोंबड्या झाल्या, गेल्या सोमवारी संध्याकाळी दवाखान्यातून ताई आल्या थर्मास घेऊन, डोळ्यात एकेक थेंब, कोंबड्या धरायला सगळी पोरं. माझ्या मुलीने आमच्या अकराच्या अकरा नावानिशी मोजून दिल्या.

एक राहिलंय. मुंगसासाठी जाळी घ्यायचीये, षटकोनी जाळी आणलेली ती त्याने एका कोपऱ्यातून वाकवली. कुठली घेऊ?

माणदेशी_शिवार

वेल्डमेश (तारा जोडावर वेल्ड केलेली चौकोनी जाळी) घ्या, अर्धा इंची चौकोनाची. आणि खाली फूटभर चर खणून जाळी जमिनीत गाडा, बाहेरच्या बाजूला वाकवून, वर दगड रचा. तुमच्या लाल मातीत मुंगूस खालून उकरून येतो, दार कितीही पक्कं असू दे. दाराची कडी पण बघा, नुसती अडकवायची असेल तर रात्री रानमांजर उघडतं, खिळा घाला तिच्यात.